मोहरीची अक्षरं

मंजुषानं पहिली पोळी तव्यावरून काढली आणि मागे हात करून मांडणीवरचं ताट ओढायला गेली, तर हाताला नुसती मांडणीची पट्टी लागली. वळून बघते तो काय, मांडणी रिकामी! घरातली अकराच्या अकरा ताटं गायब होती, आणि ती कुठं गेली असतील हे कळायला ज्योतिषाकडं जायची गरज नव्हती.

"अहो, निदान एक तरी ताट ठेवा की जेवायला!"

पुढच्या खोलीतून पंख्याची घरघर आणि बादलीतल्या पंपाची खुळखुळ तेवढी ऐकू येत राहिली. तिनं गॅस बारीक केला आणि उलथणं हातात घेऊनच बाहेर गेली. सिडकोतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पुढची खोली आता त्यांची राहिली नव्हती. दिवाणाएवढं लेझरचं मशिन मधोमध बसलं होतं आणि उरलेल्या जागेत माणसांनी अंग चोरून वावरायचं होतं. कुंदन मशिनच्या काचेवर ओणवा झाला होता. आत ताट, ताटावर लाल ठिपका, आणि वर लेन्सचं डोकं इकडून तिकडं, तिकडून इकडं पळत होतं. ते थांबलं. कुंदननं झाकण उचललं, ताट काढलं, फडक्यानं पुसलं आणि उजेडाकडं धरलं.

"काय उमटलं?" तिनं विचारलं.

"तुझं तोंड," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

ताट दुकानातून आणल्यासारखं स्वच्छ होतं. त्यानं ते बाकीच्या दहांवर ठेवलं, शंभरपानी वही ओढली आणि एक ओळ लिहिली. करंट इतका, वेग इतका, लेन्सपासून ताटाची उंची इतकी. शेवटी एक फुली. मंजुषानं वरचं ताट उचललं आणि पोळी करपायच्या आत परत गेली.

तसा कुंदन काही अडाणी नव्हता. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला सतरा वर्षं काढली होती त्यानं. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्याच्या बोटांना कळायचा. दोन हजार तीन साली कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं आणि दोन वर्षांनी जी काही रक्कम हातात आली, ती घेऊन तो मुंबईला एका प्रदर्शनात गेला. तिथं हे मशिन लाकडावर गुलाब कोरत होतं, काचेवर गणपती काढत होतं, प्लायवूडचे तुकडे लोण्यासारखे कापत होतं. कुंदननं विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला होता, स्टीलच्या भांड्यावर नाव येतं का? तो म्हणाला, "सर, सब पे होता है." झालं! प्लायवूड आरपार कापणारा किरण स्टीलवर निदान ओरखडा तरी काढेल, असं कुणालाही वाटलं असतं. सतरा वर्षं लोखंडात घातलेल्या माणसालाही वाटलं. पण हा किरण लाकडाला जाळतो, आणि चकचकीत स्टीलवरून आरशावरून जावा तसा परत जातो. हे त्याला मशिन घरात येऊन बसल्यावर कळलं.

आणि त्याला भांडीच हवी होती. आपल्याकडं बारशाची वाटी असो, लग्नातला तांब्या असो की कुणाच्या नावानं दिलेलं ताट असो, त्यावर नाव घातल्याशिवाय दिल्यासारखं वाटतच नाही कुणाला. भांडी बाजारात नाव घालणारे बसतात, विजेच्या पेनानं करकर करत एकेक अक्षर काढतात, शंभर भांडी म्हटली की दोन दिवस लावतात. कुंदनचा हिशोब सरळ होता. मशिन ते काम दोन तासांत करील, तेही छापल्यासारख्या सुबक अक्षरात. लाकडाच्या पाट्या आणि किल्ल्यांना अडकवायचे बिल्ले त्यानं करून बघितले, पण ते कुणाला हवे होते?

मंजुषाला मशिनची भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती मशिन यायच्या आधीच्या वर्षाची. त्या वर्षी कुंदन सकाळी उठायचा, दाढी करायचा, कामावर निघाल्यासारखे कपडे घालायचा आणि भिंतीकडं तोंड करून बसायचा. बोलणं नाही, चिडणं नाही. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. एकदा शेजारच्या चतुराबाई सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "कुंदनराव गंगापूर धरणाच्या भिंतीवर दिसले आमच्या ह्यांना. दोन तास एकटेच बसले होते म्हणे." मंजुषानं त्या दिवशी घरातलं उंदराचं औषध नेऊन दूर फेकलं. पुढं उंदरांनी घर डोक्यावर घेतलं, पण तिनं औषध पुन्हा आणलं नाही.

म्हणून ताटं गेली तरी ती फार बोलायची नाही. माणूस कुठल्यातरी गोष्टीशी झगडत होता, हेच पुष्कळ होतं. वही भरत चालली होती. किरण स्टीलवर बसत नाही, तर स्टीलवर काहीतरी फासावं आणि ते जाळून बसवावं, असं त्याच्या डोक्यात आलं होतं. त्यानं चुना फासला, गेरू फासला, गोपीचंदन फासलं, बुटाचं पॉलिश फासलं. किरण फिरला की अक्षर दिसायचं, आणि ओलं फडकं फिरलं की जायचं. पालथ्या घड्यावर पाणी! दुपारी चार-चार तास वीज जायची, तेवढा वेळ तो वहीतल्या फुल्या मोजत बसायचा. उन्हाळा तापला तसं मशिनची ट्यूब गार ठेवायला फिरणारं पाणीही तापायला लागलं, तेव्हा तो बादलीत बर्फ टाकायला लागला. घरातल्या पाहुण्यांना थंड पाणी नव्हतं, मशिनला होतं.

मे महिन्यात मंजुषानं कैरीचं लोणचं घातलं. मोहरीची डाळ लिंबाच्या रसात चांगली नाकात झिणझिण्या येईपर्यंत फेसली, आणि फेसलेली मोहरी काढून ठेवलेलं ताट ओट्यावर तसंच राहिलं. कुंदननं ते नेहमीप्रमाणे उचललं. धुतलं बहुतेक नाहीच, वर पुसलं असेल. अर्ध्या तासानं पुढच्या खोलीतून असा आवाज आला की तिला वाटलं, शॉक बसला. ती धावली.

कुंदन हसत होता. मशिनला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. ताटाच्या काठाशी मोहरीचा एक फराटा राहिला होता, आणि नेमक्या त्या फराट्याएवढ्या जागेत चार अक्षरांपैकी दीड अक्षर काळंभोर उमटलं होतं. त्यानं ते ओल्या फडक्यानं पुसलं, गेलं नाही. अंगठ्यानं घासलं, गेलं नाही.

"मंजे, मोहरी!" तो म्हणाला. "तुझी मोहरी गं!"

तीन वर्षांत त्यानं तिला मंजे म्हटलं नव्हतं. तिला रडू आलं आणि लोणच्याच्या मसाल्याचं निमित्त करून तिनं डोळे पुसले.

पुढचे तीन आठवडे घरात मोहरीशिवाय दुसरा वास नव्हता. मोहरी जाड दळली तर अक्षर दातेरी यायचं, म्हणून ती वस्त्रगाळ करायची. लेप ओला असला तर फुटायचा, पार वाळला तर पोपडे धरायचा. करंट अठरावर नेला की मोहरी जळून उडून जायची, दहावर ठेवला तर कच्ची राहायची. चौदावर जमायचं, पण तेही वेग अगदी गोगलगायीचा ठेवला तर. आणि ताट लेन्सच्या नेमक्या टप्प्यात नको, दीड मिलिमीटर खाली हवं, म्हणजे किरणाचा ठिपका किंचित फुगतो आणि रेघ भरते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ओळीमागून ओळ, फुलीमागून फुली करत त्यानं ते एकट्यानं शोधलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात वहीत पहिली बरोबरची खूण आली. त्या ताटावर त्यानं मुलीचं नाव घातलं. सृष्टी. मुलगी चौथीत होती. त्या ताटाशिवाय ती जेवेना.

कुंदननं ते अक्षर नखानं खरवडून बघितलं, रॉकेल लावून बघितलं, उकळत्या पाण्यात ताट तासभर ठेवून बघितलं, सुती कापडानं शंभरदा घासून बघितलं. "निघून दाखव म्हणावं!" तो ताटालाच म्हणाला.

एक गोष्ट त्यानं करून बघितली नाही. पहाटे मोरीत उकिडवं बसून, पावडर आणि तारेची घासणी घेऊन, कढयांच्या आणि पातेल्यांच्या ढिगात ते ताट खसाखसा घासून बघितलं नाही. त्याच्या ते डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं कधी ताट घासलंच नव्हतं. जेवायचं, ताटात हात धुवायचा, उठायचं. ताट पुढच्या जेवणाला आपोआप स्वच्छ होऊन मांडणीवर येतं, अशीच त्याची समजूत होती म्हणा ना.

पाचव्या दिवशी मंजुषाच्या लक्षात आलं. नावाच्या शेवटची वेलांटी वरच्या बाजूनं धुरकट झाली होती. तिनं ताट खिडकीशी नेलं. अंगठ्यानं पुसून बघितलं. मग घासणीच्या एका कोपऱ्यानं, अगदी हलक्या हातानं, त्या वेलांटीवर दोनदा फिरवलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत टोक अजून थोडं गेलं. बाहेर कुंदन कुणाला तरी फोनवर सांगत होता, "अहो जन्मभर जाणार नाही! जन्मभर!"

त्या दिवसापासून ते एक ताट ती वेगळं धुवायला लागली. कुंदनच्या जुन्या बनियनचं मऊ फडकं केलं आणि साबणाच्या फेसात नुसतं बुडवून ताट पुसून घ्यायची. वेलांटी जिथं होती तिथं थांबली. चार दिवस जाऊ देत, ती स्वतःला म्हणाली. चार दिवस त्याला हसू दे, मग सांगू.

सांगायचा तिनं एकदा प्रयत्नही केला.

"अहो, घासणीनं घासून बघितलंत का?"

"शंभरदा घासलंय."

"कापडानं नाही. तारेच्या घासणीनं. पावडर लावून."

कुंदननं वहीतून मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर ती बोलली असती. तो तिच्याकडं नुसता बघत राहिला आणि त्या बघण्यात भिंतीकडं बघणारा माणूस तिला पुन्हा दिसला.

"का गं?" तो म्हणाला. "काय झालं?"

"काही नाही. आपलं सहज."

जुलैच्या शेवटी मालनबाई आल्या. मखमलाबादकडं त्यांचा मळा, मेथी-कोथिंबीर आणि झेंडू. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, बोलायला खणखणीत. त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा रविराज आदल्या श्रावणात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता. वर्षश्राद्धाला भावकीत, सोयऱ्यांत घरटी एक ताट द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. सव्वाशे ताटं त्यांनी बाजारातून घेऊन टेम्पोत घालून आणली होती. भांडीवाल्यानं कुंदनचं नाव सांगितलं होतं.

"कै. रविराज कोंडाजी यांच्या स्मरणार्थ, असं ना?" कुंदननं विचारलं.

"कै. नको," मालनबाई म्हणाल्या. "अन स्मरणार्थ बी नको. नुसतं रविराज घाला. त्यानं वाढलेलं जेवतोय असं वाटाय पायजे माणसाला."

कुंदननं सव्वाशे ताटं चार दिवसांत केली. असं काम त्यानं टूलरूमलाही केलं नसेल. प्रत्येक ताटाचा लेप तो उजेडात धरून तपासायचा; एका ताटाचा र जरा फिका आला तर ते त्यानं बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या पैशानं नवं आणून केलं. मंजुषा मोहरी वाटत होती, गाळत होती. सव्वाशे वेळा ते नाव तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. दर वेळी ती म्हणायची, आता सांगते. दर वेळी कुंदन शीळ घालत असायचा.

ताटं न्यायला मालनबाई आल्या तेव्हा कुंदन टेम्पोत गठ्ठे लावत होता. मंजुषानं त्यांना दाराशी गाठलं.

"मावशी, ह्यांना घासणी लावायची नाही बरं का. मऊ फडक्यानं धुवायची. सगळ्यांना सांगा."

"सांगते की," मालनबाई म्हणाल्या, आणि पदरानं एका ताटावरचं नाव पुसून बघत टेम्पोत बसल्या.

आपण सांगितलं, असं मंजुषानं मनाला बजावलं. एका वाक्यात का होईना, सांगितलं. त्या रात्री तिला बऱ्यापैकी झोपही लागली, हे पुढं तिला फार दिवस खुपत राहिलं.

दसरा गेला, दिवाळी गेली. कामं येत राहिली. मोठी नाहीत, पण येत राहिली. कुणी तक्रार घेऊन आलं नाही. मंजुषाला वाटायला लागलं, कदाचित आपल्याच घासणीची तार जाड असेल. माणूस स्वतःची समजूत कशीही घालतो.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाची एक ऑर्डर आली. साठ वाट्या, वाणात लुटायच्या, प्रत्येकीवर देणाऱ्या बाईचं नाव. कुंदननं सकाळपासून वाट्यांना मोहरीचा लेप लावून त्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या होत्या. पहिली वाटी मशिनमध्ये होती. दारात चपलांचा आवाज झाला. मालनबाई होत्या, हातात कापडी पिशवी. मंजुषाच्या हातातलं मोहरीचं भांडं खाली ठेवलं गेलं.

"या मावशी, बसा. पाणी आणते."

"पाणी नको गं." त्या खाली बसल्या. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं ताट काढलं, पण ते मांडीवर पालथंच धरून ठेवलं. "पोरी, तू सांगितलं व्हतं मला. मऊ फडक्यानं धुवा म्हणून. म्या बाई ध्यानातच ठेवलं नाय."

कुंदननं मशिन थांबवलं. "काय झालं मावशी?"

त्यांनी ताट उलटं केलं. त्यावर काही नव्हतं. शेवटच्या ज चा दांडा तेवढा राहिला होता, तोही तिरपं धरलं तर दिसेल असा.

"दिवाळीत जावेच्या घरी गेले व्हते," मालनबाई सांगायला लागल्या. "तिनं फराळाचं ताट पुढं ठेवलं, तर त्याच्यावर नाव नाय. म्हटलं, माझ्या रवीचं ताट मोडीत घातलंस व्हय गं? कोरं आणून दावतीस मला? लय बोलले. नको नको ते बोलले. तिनं पोराबाळांची शपथ घेतली, तरी म्या ऐकलं नाय. तवापासून आमचं येणंजाणं बंद हाय. अन आता हे माझंच ताट बघ." त्यांनी तळहात ताटावर ठेवला. "ह्याला मी दुसऱ्या कुणाचा हात लावू देत नाय. मीच जेवते ह्याच्यात, मीच घासते. म्हंजी मीच पुसलं का नाय? माझ्याच हातानं घासू घासू पोराचं नाव पुसलं मी."

त्या रडत नव्हत्या. कुणीतरी शिक्षा सांगावी म्हणून आल्यासारख्या बसल्या होत्या. मंजुषानं कुंदनकडं बघितलं. त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला होता, पण शेवटचं वाक्य ऐकून त्याचे खांदे सैल झाले, हे तिला स्पष्ट दिसलं.

"कशानं घासता मावशी?"

"चुलीची राख अन काथ्या. आमच्याकडं दुसरं काय असतं?"

"मग! राखेनं कुठं घासायचं असतं हे?" तो आत गेला आणि सृष्टीचं ताट घेऊन आला. "हे बघा. सात महिने झाले. पोरगी दोन्ही वेळा ह्यातच जेवते. हललंय का अक्षर? काम पक्कं आहे मावशी, घासण्यात चुकलं तुमचं. मंजू, सांग ना त्यांना. तूच धुतेस की रोज."

मालनबाईंनी त्या नावावरून बोट फिरवलं. स पासून वेलांटीपर्यंत, सावकाश.

"हां रे बाबा," त्या म्हणाल्या. "जसंच्या तसं हाय. माझेच हात जळाले मेले." आणि त्यांनी उजवा हात जोरानं फरशीवर आपटला. मग पुन्हा आपटला.

मंजुषानं सृष्टीचं ताट त्यांच्या मांडीवरून ओढून घेतलं. मोरीत जाऊन ती उकिडवी बसली, नळ सोडला, पावडरचा डबा ताटावर उपडा केला आणि तारेची घासणी दोन्ही हातांनी धरली.

"अगं, काय करतेस?" कुंदन मागून म्हणाला.

ती घासत होती. मालनबाई गडबडीनं उठून आल्या, आत काय चाललंय ते बघितलं आणि किंचाळल्याच.

"नको गं बाई! लेकराचं नाव हाय ते! जित्या लेकराचं नाव असं पुसती का कुणी!"

त्यांनी तिचं मनगट धरलं. मंजुषानं ते सोडवून घेतलं. वेलांटी आधी गेली, मग मधलं जोडाक्षर तुटलं, मग राहिलेल्याचा एक करडा डाग झाला आणि तोही गेला. तिच्या बोटांना तार लागून रक्त आलं होतं. तिनं ताट पाण्याखाली धरलं आणि वर केलं. ताट कोरं होतं.

"तुमच्या हातानं नाही गेलं मावशी," ती म्हणाली. "ते टिकणारच नव्हतं. तुमच्या जावेचंही तसंच गेलं असेल. सगळ्यांचंच गेलं असेल. हे मी फडक्यानं धूत होते म्हणून राहिलं."

मालनबाई उंबऱ्यावर बसल्या.

"म्हंजी मी नाय पुसलं?"

"नाही."

"खरं सांग पोरी. माझी आण हाय तुला."

"खरंच सांगते. तुम्ही नाही पुसलंत."

तेव्हा त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, गळा काढून, जाऊन वर्ष उलटलेल्या माणसासाठी कुणी रडत नाही तशा. कुंदन भिंतीला धरून उभा होता. त्याचे डोळे त्या कोऱ्या ताटावर होते.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"पाचव्या दिवसापासून."

"सव्वाशे ताटं नेली त्यांनी. तू मोहरी वाटून दिलीस मला."

"हो."

"का गप्प बसलीस?"

तिच्याजवळ पुष्कळ उत्तरं होती. धरणाचं होतं, त्या एका वर्षाचं होतं. पण ती त्याच्या तोंडावर कशी सांगायची?

"तुम्ही हसत होतात," ती म्हणाली.

कुंदननं मान फिरवली. एखाद्यानं थोबाडीत मारावी आणि ती कशासाठी हे माहीत असावं, तसा तो उभा होता. मालनबाईंनी पदरानं तोंड पुसलं, आपलं ताट पिशवीत घातलं आणि त्या उठल्या. त्यांना आता घाई झाली होती.

"भाऊ, तू चल माझ्यासंगं," त्या म्हणाल्या. "जावेच्या पाया पडायचंय मला. पण माझं ती ऐकायची नाय, लय दुखवलीय तिला. तू सांग, मशिनचं काम कच्चं व्हतं, तिची चूक नाय म्हणून. तुझ्या तोंडून ऐकलं तर मानंल."

मंजुषाला वाटलं, तो नाही म्हणेल. पण त्यानं खुंटीवरचा शर्ट घातला आणि बटणं लावताना दोनदा चुकला. चपला शोधल्या. "तिच्यानंतर बाकीच्यांकडं जाऊ," तो मालनबाईंना म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "ज्यांना ज्यांना दिली, त्यांची घरं दाखवा मला."

मंजुषानं ओले हात साडीला पुसले आणि तीही चपला घालायला लागली.

"तू नको येऊस," तो म्हणाला.

तिच्याकडं न बघताच म्हणाला. फाटकाबाहेर रिक्षा थांबली, आधी मालनबाई बसल्या, मग तो. रिक्षा वळेपर्यंत ती दारात उभी होती. त्यानं बाहेर बघितलं नाही.

ती आत आली. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रावर एकोणसाठ वाट्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यावरची मोहरी वाळत चालली होती. अजून थोड्या वेळानं तिनं पोपडे धरले असते. मंजुषानं पदर खोचला, चार चार वाट्या एकात एक घालून मोरीत नेल्या आणि धुवायला बसली.